नाताळाचं पत्रक आणि चारशे वर्षं जुना एक प्रश्न

(पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.)

आपल्या भागातल्या एका मंडळीत सध्या एक वाद चालू आहे. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. दर रविवारी उपासनेनंतर जे दोन पानी पत्रक वाटलं जातं ते बंद करावं आणि सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावं, असं तरुणांचं म्हणणं. ज्येष्ठ म्हणतात, पत्रक हवंच, ते आमच्या वडिलांच्या काळापासून आहे. दोन्ही बाजूंच्या लोकांनी मला विचारलं, तुम्ही पेपरवाले, तुम्ही सांगा.

मी आधी पत्रक मागवून पाहिलं. गेल्या नाताळाचं. जांभळ्या रंगावर पांढरी अक्षरं, तीही वळणदार. वरती मोठं वचन, मग पाहुण्यांची नावं, मग कमिटीची नावं, मग देणगीदारांची नावं. प्रत्येकापुढे आदरणीय, सन्माननीय. संगीत उपासना किती वाजता आहे ते शोधायला मला चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ न्यावा लागला. खाली उजव्या कोपऱ्यात होतं. ठिकाण नव्हतंच. विचारल्यावर उत्तर मिळालं, "ठिकाण सगळ्यांना माहीतच आहे की!"

म्हणजे कागद ठेवायचा की मोबाईल, हा वाद नंतरचा. हेच डिझाइन ग्रुपवर टाकलं तरी आजीबाईंना वेळ कळणार नाहीच. खरा प्रश्न असा की हे छापलंय कोणासाठी? वाचणाऱ्यासाठी, की ज्यांची नावं आहेत त्यांच्यासाठी?

हा प्रश्न मराठीत आजचा नाही, छापखान्याइतकाच जुना आहे. आणि गंमत म्हणजे मराठीत तो सगळ्यात आधी चर्चच्या माणसांनाच पडला. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला 'दर्पण' तपशीलवार शिकवलं, ६ जानेवारी १८३२ ही तारीख तर पाठच. पण मिशनच्या छापखान्यांना एक परिच्छेद मिळाला. त्यात काय काय दडलं होतं ते नंतर वाचनातून कळत गेलं.

सुरुवात गोव्यापासून करू. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. खरं तर तो निघाला होता इथिओपियाला, वाटेत गोव्यात राहिला. जेझुइट पाद्र्यांच्या सेंट पॉल कॉलेजात तो बसवला. पुढे १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला आणि साष्टी भागात त्याने आयुष्य काढलं. तिथले नव्याने ख्रिस्ती झालेले लोक मोठ्या पेचात होते. जुनी पुराणं, जुन्या ओव्या त्यांच्याकडून काढून घेतल्या होत्या, आणि नवं जे मिळालं ते लॅटिन नाहीतर पोर्तुगीजमध्ये. कानाला सवय ओवीची. स्टीफन्सने हे ओळखलं आणि बायबलची कथा मराठी ओव्यांमध्ये लिहिली. हेच 'क्रिस्तपुराण', जवळपास अकरा हजार ओव्या, १६१६ मध्ये राचोलला छापलेलं. ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक ब्राह्मण विचारतो की जुनी पुराणं सोडली, मग आता आम्हाला वाचायला दुसरं पुराण का देत नाही? म्हणजे वाचकाची तक्रार थेट पुस्तकातच घेतली आहे! आजच्या कुठल्या स्मरणिकेत असं धाडस दिसेल?

पण एक अडचण त्याला सुटली नाही. लिपीची. १६०८ मध्ये त्याने रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहिलं. त्यात म्हटलं की इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तकं छापावीत अशी माझी कैक वर्षांची इच्छा आहे, जशी मलबारकडे छापतात. पण युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, इथे सहाशेच्या आसपास लागतील. आपली जोडाक्षरं, काना, मात्रा, वेलांटी, रफार हे सगळं शिशात ओतायचं म्हणजे खर्च आणि कारागीर दोन्ही हवेत. ते मिळाले नाहीत. मराठी ओवी अखेर रोमन अक्षरांत छापली गेली.

परिणाम काय झाला? जो गावकरी देवनागरी वाचू शकत होता त्याला छापील पान परकं. पण ओवी कानाने चालत होती. चर्चमध्ये ते पुराण गायलं जायचं, लोक ऐकायचे, हाताने उतरवून घ्यायचे. १६१६, १६४९, १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या आणि आज त्यातली एकही छापील प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे. त्यातलं एक देवनागरीतलं हस्तलिखित लंडनमध्ये आहे. मंगळूरला १९०७ मध्ये तो पुन्हा छापला गेला तोही हस्तलिखितांवरून. छापलेलं गेलं, गायलेलं राहिलं.

गोव्यात पुढे उलटंच झालं. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढलं. छपाई त्याआधीच बंद पडली होती, ती १८२१ पर्यंत सुरू झाली नाही. लोकांच्या बोलीत ओव्या छापणारा छापखाना दीडशे वर्षं गप्प बसला.

आता मुंबईत या. १८१३ च्या फेब्रुवारीत अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं, कसेबसे राहिले. १८१७ मध्ये त्यांच्या छापखान्यातून पहिलं मराठी पत्रक बाहेर पडलं, आठ पानांचं, दीड हजार प्रतींचं. दीड हजार! साक्षर माणूस शोधावा लागेल अशा शहरात. तेव्हा एक प्रश्न होता मोडी की बाळबोध. व्यवहारात, हिशेबात, पत्रात मोडी, पोथीत बाळबोध. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीने १८१० चा आपला मराठी कोश मोडी टायपात छापला होता. मुंबईकरांची छपाई मात्र बाळबोधवर स्थिरावली, आणि आज आपण जे छापील मराठी वाचतो त्याचं वळण तिथूनच येत गेलं.

या छापखान्यात थॉमस ग्रॅहम नावाचा टाइप कोरणारा कारागीर तयार झाला. सुरुवातीचे टाइप बोजड होते. अक्षर मोठं म्हणजे कागद जास्त, म्हणजे खर्च जास्त. ते लहान करायचं आणि तरीही वाचता यायला हवं, ही कसरत त्याने केली. 'फॉन्ट साइज'चा वाद आहे तो दोनशे वर्षांचा आहे, बरं का.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट पुढची. मिशनऱ्यांनी छापलं धर्मप्रसारासाठी. पण बघणाऱ्यांनी त्यातून भलतंच उचललं. गणपत कृष्णाजी या भंडारी समाजातल्या माणसाने मिशनची छपाई पाहिली आणि म्हटलं, हे आपल्या पोथ्यांसाठी का नाही? त्याने स्वतः खटपट करून शिळाप्रेस उभा केला, शाई स्वतः बनवली आणि १८३१ मध्ये मराठीतलं पहिलं छापील पंचांग काढलं. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन' मध्ये त्यांची हकिगत दिली आहे. छापील कागद शिवायला लोक कचरत, शाईत चरबी असेल अशी शंका घेत. तरी पंचांग खपलं. का? कारण त्यात तिथी, वार, मुहूर्त होता. माणसाला रोज लागणारी गोष्ट एका नजरेत सापडत होती. पत्रकवाल्यांनी पंचांग समोर ठेवून बसावं एकदा.

दुसरे जावजी दादाजी. गरीब घरचा पोरगा, लहानपणी याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागला, ग्रॅहमच्या हाताखाली टाइपाचं काम शिकला. १८६४ मध्ये त्याने स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये 'निर्णयसागर'. संस्कृत ग्रंथांच्या सुबक छपाईसाठी ज्याचं नाव पुढे देशभर झालं तो निर्णयसागर. म्हणजे आपल्या पोथ्यांचं देखणं अक्षर घडवणारा हात मिशनच्या छापखान्यात तयार झाला. दोन्हीकडच्या कट्टर लोकांना हे वाक्य आवडणार नाही, माझा नाइलाज आहे.

आता आपल्या जिल्ह्यात. जून १८४२ मध्ये नगरला अमेरिकन मराठी मिशनने 'ज्ञानोदय' सुरू केला. पहिले संपादक हेन्री बॅलंटाइन. पुढे तो मुंबईला गेला, मासिकाचा पाक्षिक झाला, नंतर साप्ताहिकही. त्यात धर्मचर्चा होती, हिंदू धर्मावर टीका होती, कधी ती बोचरी आणि एकांगीही असे. मुंबई-पुण्याच्या पत्रांशी त्याचे वाद रंगत. पण त्याच अंकांत ग्रहणं का लागतात, विज्ञान काय म्हणतं, शाळा कुठे निघाल्या, हेही असे. जोतिराव फुल्यांच्या शाळांविषयी त्यात मजकूर येत असे.

आणि १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत एक निबंध दोन भागांत छापला गेला. लिहिणारी मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी. विषय, मांग-महारांचं दुःख. त्या काळी दुसऱ्या कुठल्या मराठी पत्राने या मुलीचा निबंध तिच्या नावानिशी छापला असता का? मला नाही वाटत. त्यात पेशवाईतल्या जुलमांचा हिशेब आहे, वेद वाचायचा हक्क नसलेल्यांनी कुठला धर्म पाळायचा हा सवाल आहे. भाषा शाळकरी, सरळ. आज एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्यातली ती काही पानं विद्यापीठात शिकवतात. विद्वान शास्त्र्यांचे लांबलचक वाद मात्र अभ्यासकच वाचतात.

त्या मुलीचा निबंध छापणाऱ्या संपादकाने एक साधी गोष्ट केली. नावाचा मान न पाहता मजकूर पाहिला. आपल्याकडे स्मरणिकेत उलटा क्रम असतो. आधी शुभेच्छा संदेश, मग फोटो, मग जाहिराती, आणि मंडळीचा इतिहास उरलेल्या दोन पानांत.

पुढे नारायण वामन टिळक. फुलामुलांचे कवी म्हणून शाळेत शिकलेले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नगरला राहिले, शेवटची काही वर्षं 'ज्ञानोदय'ची मराठी बाजू सांभाळली. त्यांना खटकलं ते हे की मराठी माणूस चर्चमध्ये परदेशी चालीवर भाषांतरित गाणी म्हणतोय. शब्द मराठी, पण ताल जिभेवर बसत नाही. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तन चर्चमध्ये आणलं. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक आजही मराठी मंडळ्यांत हातोहात असतं, आणि टिळकांची गीतं ज्यांना वाचता येत नाही त्या बायाही तोंडपाठ म्हणतात. स्टीफन्सला जे तीनशे वर्षांपूर्वी कळलं होतं तेच पुन्हा. निम्मे लोक छापलेलं वाचत नाहीत, दुसऱ्याने वाचलेलं ऐकतात.

कॅथलिक बाजूलाही आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. राहुरी तालुक्यातल्या केंदळ गावात १९०३ मध्ये हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटाने मासिक काढलं. नाव ठेवलं 'निरोप्या'. किती साधं नाव! जर्मन माणसाला हा शब्द सापडला, आणि आम्ही मराठी माणसं आमच्या पत्रकाला 'न्यूजलेटर' म्हणतो.

पण या सगळ्यात ज्यांचं काम मला सर्वात मोठं वाटतं त्या पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या, विधवा, टाकलेल्या बायका-मुली हजारोंनी होत्या. रमाबाई स्वतः संस्कृतच्या पंडिता, कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेल्या पदव्या असलेल्या. त्यांनी ठरवलं असतं तर बायबल संस्कृतप्रचुर करून विद्वानांची वाहवा मिळवली असती. त्यांची तक्रार नेमकी उलट होती. उपलब्ध मराठी बायबल शास्त्री-पंडितांच्या वळणाचं आहे, माझ्या बायकांना कळत नाही. म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांमधून, साध्या मराठीत भाषांतर करायला बसल्या. वर्षानुवर्षं ते चाललं. संस्कृत येणाऱ्या बाईने संस्कृत शब्द गाळत बसायचं! सोपं लिहिणं म्हणजे कमी शिकलेल्याचं काम असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरा मनावर घ्यावं.

छपाईही तिथेच. खिळे जुळवणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या, बांधणी करणाऱ्या सगळ्या आश्रमातल्या मुली. ज्यांच्यासाठी पुस्तक त्यांच्याच हातून ते छापलं जात होतं. एखादा शब्द अडला तर वाचक समोर खिळे घेऊनच उभी! ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. शेवटची प्रुफं तपासून होईपर्यंत त्यांनी जीव धरून ठेवला होता असं सांगितलं जातं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. भाषांतर म्हणून त्यात उणिवा काढणारे आहेत, एकट्या माणसाचं काम असल्याने ते ओबडधोबड झालं असंही म्हणतात. असेल. पण 'हे कोणासाठी' या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर मराठी छपाईत दुसरं मला दिसत नाही.

वसईचं सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. तिथले ख्रिस्ती घरात सामवेदीसारख्या बोली बोलणारे, शाळेत मराठी शिकणारे, आणि चर्चमध्ये मिस्सा मात्र लॅटिनमध्ये. १९६० च्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला दार उघडलं आणि मिस्सा मराठीत आली. त्याआधीच, १९५५ पासून, 'सुवार्ता' मासिक तिथे निघत होतं. १९८३ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे संपादक झाले आणि २००७ पर्यंत राहिले. त्यांनी धर्मपत्रिकेत पाण्याचा प्रश्न, जमिनीचा प्रश्न, बिल्डरशाही, हरित वसईचा लढा आणला. ख्रिस्ती नसलेले लेखक लिहायला लागले, ख्रिस्ती नसलेली घरं वाचायला लागली. पुढे त्यांनी 'सुबोध बायबल' केलं, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीवरून काहींनी केवढा गदारोळ केला होता ते तुम्हाला आठवत असेल. 'सुबोध' हा शब्द त्यांनी पुस्तकाच्या नावातच घातला, हे मात्र फारसं कोणी पाहिलं नाही.

तर आता आपलं दोन पानी पत्रक.

तरुणांचं म्हणणं चुकीचं नाही. ग्रुपवर निरोप लगेच जातो, खर्च नाही. पण रविवारी पहिल्या दोन बाकांवर कोण बसतं ते पाहा. त्यातल्या किती जणींकडे स्वतःचा फोन आहे? नातवाच्या फोनवर आलेला निरोप आजीपर्यंत पोचला की नाही हे कोण बघणार? अंत्यविधीची वेळ, आजारी माणसाच्या घरची प्रार्थना, पेन्शनच्या कागदांसाठी कोणाला भेटायचं, ही माहिती सगळ्यात जास्त ज्यांना लागते त्यांनाच ग्रुप वगळतो. आणि ज्येष्ठांनाही एक विचारतो. पत्रक हवं म्हणता, पण गेल्या वेळी ते वाचलं कोणी? परंपरा म्हणून घडी घालून बायबलात ठेवलं असेल, तर ते बंद झालं काय आणि चालू राहिलं काय.

माझं मत विचारलं म्हणून सांगतो. कागद ठेवा, दोन पानांचं एक करा. पांढऱ्यावर काळं. वर सर्वात मोठ्या अक्षरात वार, तारीख, वेळ, ठिकाण. ठिकाण "माहीतच आहे" म्हणून गाळू नका, नवी सून आणि बदली होऊन आलेला शिक्षक यांना माहीत नसतं. पाहुणा एकच लिहा, बाकीच्यांचा मान स्टेजवर करा. छापण्याआधी डीटीपीवाल्याकडून आलेलं प्रूफ कमिटीत फिरवू नका, मंडळीतल्या एखाद्या कमी शिकलेल्या बाईला मोठ्याने वाचायला द्या. ती जिथे अडखळेल तिथे शब्द बदला. मग त्याच कागदाचा फोटो ग्रुपवर टाका.

आणि युनिकोडमध्ये टाइप करून घ्या. त्या मंडळीची दहा-पंधरा वर्षांपूर्वीची पत्रकं जुन्या फॉन्टात होती. फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. १८५५ चा 'ज्ञानोदय' आजही वाचता येतो आणि २०१० चं पत्रक वाचता येत नाही.

शेवटी एक काम. त्या मंडळीची मोठी जयंती जवळ आली आहे, स्मरणिकेची जुळवाजुळव सुरू आहे. तुमच्या घरी पेटीत, माळ्यावर, जुन्या बायबलात घडी घातलेली पत्रकं, लग्नाच्या चिठ्ठ्या, 'ज्ञानोदय' किंवा 'निरोप्या'चे सुटे अंक असतील तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नका. मला फोटो पाठवा किंवा निरोप द्या, मी येऊन बघून जाईन. विशेषतः हाताने लिहून सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं कोणाकडे असली तर जरूर कळवा, ती मला अजून एकही मिळालेली नाहीत.